दोष दायित्व कालावधी

बोट उलटी पडली होती अग्निशमनच्या आवारात,
पाठ उन्हाला, कडा ट्रकच्या दोन टायरांवर.
खाली मांजरीने संसार थाटलेला.
मी टेप घेऊन वाकले तेव्हा
बेंडकुळे म्हणाले, मॅडम, हळू,
पिल्लांचे डोळे अजून उघडले नाहीत.

मोजमाप पुस्तिकेत लिहिलं :
लांबी चार पूर्णांक सात. रुंदी एक पूर्णांक आठ.
तडे, नग तीन.
इंजिन सुरू होते, टिकत नाही.
दुरुस्तीचे कारण, इथे एकच ओळ मावते :
सर्वसाधारण झीज.

बेंडकुळे खांद्यावरून वाचत होते.
सर्वसाधारण म्हणजे, म्हणाले,
तो पुलाखालचा खांब धरायचा,
का सायखेड्याला त्या रात्री
पत्र्यावरून उतरवलेली नऊ माणसं, सहाच्या बोटीत,
आणि एक शेळी,
जिला सोडून बाई यायला तयार नव्हती?
मी म्हटलं, शेळीला रकाना नाही.

पहिल्या वेळी कुणीच निविदा भरली नाही.
दुसऱ्या वेळी एकाने. एकट्याची उघडता येत नाही.
मग फेरनिविदा, मुदतवाढ, शुद्धिपत्रक,
कारण आमच्याकडून 'बोटदुरुस्ती'चं 'बोअरदुरुस्ती' छापलं गेलं
आणि सिन्नरहून दोघे बोअरवाले चौकशीला आले,
चहा पिऊन गेले.
तोवर पिल्लं मोठी होऊन
शिंगाडा तलावाच्या रस्त्यावर हिंडायला लागली होती.

तिसऱ्या वेळी सगळ्यात कमी दर अश्फाक कोकणीचा.
अंबडला गाळा. एरवी पाण्याच्या टाक्या
आणि द्राक्षबागांचे फवारणी पंप दुरुस्त करतो.
साहेबांनी विचारलं, बोटीचा अनुभव?
तो काही बोलला नाही.
बोटाने बोट वाजवत गेला, टोकापासून,
टक, टक, टक,
कान फायबरला लावून.
एका जागी आवाज बसला,
सर्दी झालेल्या माणसासारखा.
इथे, म्हणाला. इथे पाणी मुरलंय.
माझ्या तीन तड्यांपैकी ही जागा नव्हती.
त्याने खडूने गोल केला.
दरसूचीत ऐकण्याचा दर मला सापडला नाही,
म्हणून लिहिलं : वाढीव बाब क्रमांक एक.

चाचणीच्या दिवशी गंगेला आवर्तनाचं पाणी होतं.
शर्तीप्रमाणे सहा जणांचा भार हवा.
पाच भरले.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पंचवटीतली.
दर पुरात दुतोंड्या मारुतीकडे बघून घरी सांगणारी,
आज गुडघ्याला आलं, आज कमरेला, आज छातीला.
पण गंगेच्या मधोमध कधी गेले नव्हते.
घाटावरून पायऱ्या उतरतात, हे ठाऊक होतं.
पाण्यातून त्या चढतात. फार उंच चढतात.
आणि पहिली पायरी
हाताला लागत नाही.

जॅकेट कुणाच्या तरी घामाचं होतं.
बेंडकुळे एका हाताने सुकाणू, दुसऱ्या हातात घड्याळ.
शर्त वीस मिनिटांची.
विसाव्याला त्यांनी इंजिन बंद केलं नाही.
एकविसाव्यालाही नाही.
आम्ही होळकर पुलाखालून उगाचच एकदा जाऊन आलो.

काठाला लागल्यावर तळावर हात फिरवला. कोरडा.
लिहिलं : पाणी आत आले नाही.
सही करताना अक्षर जरा हललं.

बिलातून पाच टक्के अनामत राखली.
दोष दायित्व कालावधी : एक पावसाळा.
अश्फाकने पेन उचललं, टेकवलं नाही.
मॅडम, एक पावसाळा म्हणजे कुठून कुठपर्यंत?
धरणाचं पहिलं दार उघडल्यापासून
का पत्र्यावरची शेवटची बाई खाली येईपर्यंत?

मी करारनामा उलटून पाहिला,
मागचं पानही पाहिलं.

शेळीसकट, बेंडकुळे म्हणाले.